बिनालायसन्सची ई-गाडी, ताशी २५ ची मर्यादा आणि दुकानात काढून देतात ती पिन (नागपूर)

प्रतापनगरची आई

नमस्कार मंडळी. मुलगी नववीत आहे. घर प्रतापनगरात, ट्यूशन शंकरनगरला. जाऊन-येऊन सात किलोमीटर होतात. आठवड्यातले पाच दिवस मी तिला पेट्रोलच्या गाडीवर सोडते, घरी येते, परत आणायला जाते. त्यात सासूबाईंची औषधं, बँक, खामल्याच्या बाजारातली भाजी हे वेगळंच. म्हणून ठरवलं, एक छोटी बॅटरीवरची गाडी घ्यावी.

रविवारी दुकानात गेलो. मुलानं छान समजावून सांगितलं: लायसन्स नको, पासिंग नको, इन्शुरन्स नको. मी गल्लीत एक चक्कर मारून आले. काटा २४-२५ वर गेला की गाडीचा वेग आपोआप तिथंच अडतो, मूठ कितीही पिळा. मला ते बरंच वाटलं. परत आल्यावर त्यानं सीट उचललं आणि म्हणाला, "ताई, पंचवीसनं काय होते? ही पिन काढून देतो, पंचेचाळीस जाते. सगळेच काढून नेतात." आणि बाजूला उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाची माझ्यासमोर काढून दिली. दोन पांढऱ्या वायरी, मध्ये नखाएवढी पिन. उपसली आणि खिशात टाकली. दहा सेकंदांचंही काम नव्हतं.

तेव्हापासून मनात घोळतंय. पिन काढल्यावरही ती गाडी बिनालायसन्सचीच राहते का? आणि नाही काढली, तर आपल्या इथल्या ट्रॅफिकमध्ये पोरगी २५ च्या स्पीडनं सुरक्षित राहील का? मुलीचे बाबा म्हणतात की रिंग रोडवर मागून टिप्पर येतात, तिथं इतक्या हळू चालणं म्हणजे जीव धोक्यात घालणं. माझा निर्णय होत नाहीये. वापरणाऱ्यांनी कृपया सांगा.

---

खामल्याचा सायकलवाला

ताई, पिन काढू देऊ नका. बाकीचं लोक सांगतीलच.

---

नियम वाचणारा

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: नाही राहत.

"लायसन्स नको" हे वाक्य केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या "बॅटरीवर चालणारे वाहन" या व्याख्येतून आलं आहे. त्यात काही अटी आहेत. मोटरची ३० मिनिटांची पॉवर ०.२५ किलोवॅटपेक्षा, म्हणजे २५० वॅटपेक्षा कमी हवी. कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी हवा. बॅटरी सोडून वजन ६० किलोंपेक्षा जास्त नको. ब्रेक नीट हवेत, पुढं पांढरा आणि मागं लाल रिफ्लेक्टर हवा. आणि चाचणी संस्थेनं गाडी तपासून तसं प्रमाणपत्र दिलेलं हवं. पुण्याची एआरएआय ही त्यातली आपल्या ओळखीची संस्था. हे सगळं जुळलं तरच कायदा त्या गाडीला मोटार वाहन मानत नाही आणि म्हणून नोंदणी, लायसन्स, विमा काहीच लागत नाही.

पिन काढली की वेगाची अट मोडली, बहुतेक वेळा पॉवरचीही. त्या क्षणी ती नोंदणी नसलेली, विमा नसलेली मोटार वाहन झाली. दिसायला तीच, रंग तोच, पण कायद्याच्या नजरेत दुसरीच गाडी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात विनालायसन्स चालवण्याचा दंड ५,००० रुपये आहे, विमा नसल्याचा पहिल्यांदा २,०००. मालकानं गाडीत असा फेरफार केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये. आणि विक्रेत्यानं केला तर वर्षभरापर्यंत कैद किंवा गाडीमागे एक लाख. दुकानातल्या मुलानं ती पिन खिशात टाकली ना, त्याला बहुधा हे कोणी सांगितलेलं नाही.

आता तुमच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं. मुलगी अल्पवयीन आहे. अल्पवयीन मुलानं मोटार वाहन चालवून गुन्हा केला तर कलम १९९अ प्रमाणे पालक किंवा मालक जबाबदार. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. नववीतल्या पोरीच्या पुढच्या दहा वर्षांचा प्रश्न आहे.

दुकानदाराकडे त्या मॉडेलचं चाचणी प्रमाणपत्र मागा. झेरॉक्स नाही दिली तर दुकान बदला.

---

हिंगणा रोड

मी वेगळं मत मांडतो, रागावू नका. मी रोज त्रिमूर्तीनगरहून हिंगणा एमआयडीसीत जातो. २५ च्या गाडीवर चार महिने काढले. त्या रस्त्यावर कंपन्यांच्या बसेस, ट्रक, ट्रॅक्टर, सगळं ५०-६० नं धावतं. आपण डाव्या कडेला, आणि डावीकडे कायम गिट्टी, उभे ट्रक, नाहीतर उलट्या दिशेनं येणारे. उभ्या ट्रकला वळसा घालायला जरा उजवीकडे आलं की मागून हॉर्न. माझ्या पाठीला तो हॉर्न अजून आठवतो. मूठ पिळून पुढं निघून जाता येत नाही, ही असहायता ज्यानं अनुभवली त्यालाच समजते.

मी पिन काढली नाही, गाडी विकली आणि पासिंगवाली घेतली. पण २५ ही मर्यादा आपल्या रस्त्यांवर बसत नाही असं माझं ठाम मत आहे. ३५-४० ठेवा, साधं लायसन्स मागा, लोक देतील.

---

नियम वाचणारा

हिंगणा रोड, तुमचा अनुभव मला पूर्ण पटतो. पण त्यातून निघतं ते इतकंच की त्या रस्त्यासाठी ही गाडी नाही. तुम्ही केलंत तेच योग्य. ३५-४० च्या गाडीला लायसन्स मागायचं म्हणजे पासिंगवालीच गाडी झाली की, ती सोय आजही आहे. आणि पासिंगला लोक उगाच घाबरतात. ऑगस्ट २०२१ पासून बॅटरीवरच्या गाड्यांना नोंदणी शुल्क माफ आहे. हिरवी पाटी मिळते, विमा मिळतो, चौकात कोणी अडवलं तर कागद दाखवता येतात. ज्याला ४५ नं जायचं आहे त्यानं ती घ्यावी.

---

मिस्त्री भाऊ, सक्करदरा

ताई, मी हेच काम करतो. मोबाइलवर लिहून राहिलो, चुकलं तर सांभाळून घ्या.

ती पिन म्हणजे कंट्रोलरले, म्हणजे मोटरले करंट देणाऱ्या डब्याले, दिलेला इशारा असते. पिन लागली आहे तोवर कंट्रोलर मोटरले मोजूनच करंट देते. पिन काढली की तो म्हणते घे, जेवढा पाह्यजे तेवढा घे. मोटर तीच, वायर तीच, कंट्रोलर तोच. माल २५ च्या हिशोबानं लावला आहे आणि तुम्ही त्याले ४५ नं पळवून राहिले. मे महिन्यात माझ्याकडं ज्या गाड्या ढकलत आणतात त्यात बहुतेक पिन काढलेल्या असतात. झाकण खोललं की जळका वास. कंट्रोलरच्या आतले मॉसफेट, म्हणजे करंट चालू-बंद करणारे बारके स्विच, गेलेले, कधी मोटर कुठं फिरली ते सांगणाऱ्या हॉल सेन्सरच्या वायरी वितळून एकीमेकीले चिकटलेल्या. गिऱ्हाईक म्हणते कंपनीनं खराब माल देला. मी विचारतो, पिन कुठं आहे? मग चूप.

वॉरंटीत गेलं तर तिकडं पहिले पिनच पाहतात. नाई दिसली का हात वर.

ब्रेकचंही सांगतो. या गाड्यांले बारकं चाक आणि साधे ड्रम ब्रेक. २५ ले मस्त लागतात. ४५ ले पोट्टे जोरात दाबतात, मागचं चाक घसरते.

---

बजाजनगरचा शिक्षक

मिस्त्री भाऊंनी ब्रेकचं काढलं म्हणून थोडं गणित. मी पोरांना हेच फळ्यावर करून दाखवतो, कारण त्याशिवाय त्यांना पटत नाही.

ताशी २५ ला गाडी सेकंदाला सुमारे ७ मीटर जाते, ४५ ला साडेबारा. समोर कुत्रा आला हे डोळ्याला दिसून हाताने ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद धरा. पुढं ब्रेक चांगले लागले तर २५ ला आणखी ५ मीटर, ४५ ला १५ ते १६. म्हणजे एकूण १२ मीटर विरुद्ध २८. प्रतापनगरच्या आतल्या गल्लीत दोन फाटकांमध्येही एवढं अंतर नसतं. वेग दुप्पटसुद्धा झाला नाही, पण धडकेतली ऊर्जा सव्वातीन पट होते.

वेळेचंही बघा. साडेतीन किलोमीटरला सलग २५ नं साडेआठ मिनिटं लागतात, ४५ नं पावणेपाच. पण वाटेतले सिग्नल आणि चौकातली गर्दी कोणालाच सोडत नाही, त्यामुळे खरा फरक दोन-अडीच मिनिटांचा. ट्यूशनला पाच मिनिटं आधी निघालं की झालं.

---

अजनीचे काका

माझं वय ६८. गुडघे गेले, गिअरची गाडी झेपेना, म्हणून दोन वर्षांपूर्वी ही २५ वाली घेतली. अजनी ते मेडिकल, अजनी ते बर्डी, नातवाची शाळा, एवढंच माझं जग, आणि या गाडीनं ते मला परत दिलं. आधी दूध आणायलाही मुलाला फोन करावा लागे.

ताई, स्पीडपेक्षा मी तुम्हाला दुसरंच सांगीन. आपलं ऊन.

माझ्या गाडीत लेड-अॅसिडचे चार डबे आहेत. पहिला उन्हाळा मी काय करायचो, दुपारी दोनला बाहेरून आलो की टिनाच्या शेडखाली गाडी लावायची आणि लगेच चार्जिंगला. १४ महिन्यांत चारही डबे फुगले. नवीन सेट घ्यावा लागला आणि तो स्वस्त नसतो. मग एका जाणकारानं समजावलं की उष्णता दहा अंशांनी वाढली की या बॅटरीचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. आणि आपल्याकडे नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, सावलीतच ४५ असतं, टिनाखाली किती असेल विचार करा.

आता माझा नियम ठरलेला आहे. आल्यावर गाडी तासभर गार होऊ द्यायची. चार्जिंग रात्री दहानंतर. हात लावून बघतो, डबा कोमट असला तरी थांबतो. दुसरा सेट दहा महिन्यांचा झाला, अजून एका चार्जमध्ये ५० किलोमीटर निघतात. लिथियम घेणार असाल तर बॅटरी काढून घरात नेता येईल अशीच घ्या. कूलरच्या खोलीत चार्ज करता येते. फक्त दाराच्या वाटेवर किंवा जिन्याखाली ठेवू नका.

एका चार्जला दीड युनिटच्या आसपास वीज लागते. मीटर मी स्वतः वाचून पाहिलं आहे.

---

नंदनवन

मी शक्यतो हे कोणाला सांगत नाही, पण पोरीचा विषय आहे म्हणून लिहितो.

आमच्या नात्यातला मुलगा, अकरावीत होता. घरच्यांनी अशीच गाडी घेऊन दिली, दुकानातच "मोकळी" करून. संध्याकाळी रस्ता ओलांडणाऱ्या एका आजोबांना धडक बसली. मांडीचं हाड मोडलं. मुलाला खरचटलं फक्त. पोलिसांत गाडी जमा झाली, तपासणीत ती २५ च्या वर जाते हे निघालं. विमा नव्हताच, कारण घेतानाच "विमा लागत नाही" असं सांगितलं होतं. आजोबांच्या ऑपरेशनचा आणि पुढचा सगळा खर्च मुलाच्या वडिलांनी खिशातून दिला. बायकोचे दागिने मोडले. पैसे एक वेळ परत येतील. तो मुलगा अजून त्या रस्त्यानं जात नाही, लांबचा फेरा घेतो.

ज्यानं पिन काढून दिली त्याच्याकडे वडील गेले होते. तो म्हणाला, मी काढली याचा काय पुरावा?

---

प्रतापनगरची आई

नंदनवन दादा, तुमचं वाचून मी काल रात्री झोपू शकले नाही. लिहिल्याबद्दल मनापासून आभार. ते आजोबा आता चालतात का?

---

नंदनवन

हो ताई, काठी घेऊन चालतात. मुलगा दर दिवाळीला त्यांच्याकडे जातो.

---

मनीषनगर ते बर्डी

एक पर्याय कोणीच बोललं नाही, पेडलवाली ई-सायकल. मी दीड वर्ष चालवतोय. नियमात हिच्यासाठी वेगळी अट आहे: पायडल मारणं थांबवलं की मोटरची मदत बंद व्हायला हवी, आणि २५ ला पोचेपर्यंत ती हळूहळू कमी होत पूर्ण तुटायला हवी. म्हणजे २५ च्या पुढं जायचं तर स्वतःच्या पायांनी जा, कोणी अडवत नाही.

चालवताना कसं वाटतं सांगतो. सिग्नल सुटला, पहिलं पायडल मारलं की पाठीवर कोणी हात ठेवून ढकलावं तसं. अजनीच्या पुलावर चढताना साध्या सायकलीनं धाप लागायची, आता ऑफिसात शर्ट कोरडा ठेवून पोचतो. एप्रिल-मे सोडून, तेव्हा काहीही केलं तरी कोरडा राहत नाही.

नववीतल्या मुलीला माझ्या मते हीच योग्य. व्यायाम होतो, आणि बॅटरी संपली तरी पायडल मारत घरी येता येतं. स्कूटरसारखी ढकलत आणावी लागत नाही.

---

मुलगा जर्मनीत

आपल्याच देशात २५ आहे असं काहींना वाटतं म्हणून सांगते. युरोपातही पायडलच्या ई-सायकलला २५० वॅट आणि २५ किलोमीटर हीच मर्यादा आहे. माझा मुलगा तिकडे ४५ नं जाणारी वापरतो. तिला विम्याची पाटी लागते, हेल्मेट लागतं, लायसन्स लागतं, आणि ती सायकल ट्रॅकवर नेता येत नाही, मोटारींच्या रस्त्यावरच चालवावी लागते. जास्त वेग हवा तर जास्त जबाबदारी घ्या, इतकी सरळ विभागणी आहे. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत मर्यादा ३२ आणि ४५ अशा दोन पायऱ्यांची आहे, तिकडचे व्हिडिओ पाहून आपली पोरं तुलना करतात.

---

हिंगणा रोड

बरं, मी माझं मत थोडं बदलतो. शहराच्या आतल्या फेऱ्यांसाठी २५ पुरे, हे मान्य. पण मग आतले रस्ते तरी त्या गाड्यांसाठी ठेवा ना. सिमेंट रोड झाले, छान झाले, पण रस्त्याची कड आणि बाजूचे पेव्हर ब्लॉक यांत कित्येक ठिकाणी चार-चार बोटांचा खड्डा आहे. हळू चालणारा माणूस कडेनंच चालणार, आणि बारीक चाक नेमकं त्या फटीत जातं. माझं एकदा गेलं होतं. कोपर अजून दुखतं. मर्यादा घालणाऱ्यांनी ही कडही बघायला हवी, आणि ही मागणी आपण नगरसेवकांपासून खासदारांपर्यंत सगळ्यांकडे करायला हवी. रस्ते वाहतुकीचं खातं सांभाळणारे नितीन गडकरी आपल्याच शहराचे खासदार आहेत. ओलाच्या इलेक्ट्रिक टॅक्सीचा देशातला पहिला प्रयोग २०१७ मध्ये आपल्याच नागपुरात झाला होता. मग हळू गाड्यांसाठी चांगली कडही इथंच पहिल्यांदा का होऊ नये?

---

खामल्याचा सायकलवाला

हे १०० टक्के. कडेबद्दल वेगळा धागा काढा, मी फोटो देतो. प्रतापनगर चौकापासूनच सुरुवात करू.

---

मिस्त्री भाऊ, सक्करदरा

अजून एक राहून गेलं. डबल सीट. २५० वॅटची मोटर एका माणसाले बरोबर नेते. उड्डाणपुलावर दोघं बसले का गाडी रडते, दहा-बाराच्या वर जात नाई. मागच्या गाडीले अंदाज येत नाई का ही इतकी हळू का झाली. पोरीले सांगून ठेवा, मैत्रीण मागं बसवून पुलावर जायचं नाई. आणि पावसात पाण्यातून न्यायची नाई, मोटर चाकातच असते.

---

प्रतापनगरची आई

सगळ्यांचे खूप आभार. आम्ही काय केलं ते सांगते, कोणाला तरी उपयोग होईल.

शनिवारी सकाळी मी आणि मुलीचे बाबा तिच्याच वाटेनं निघालो. ते पेट्रोलच्या गाडीवर मोबाइलमध्ये स्पीड बघत पुढं, मी माझ्या बहिणीची २५ वाली गाडी घेऊन मागं. रिंग रोड टाळून आतून, प्रतापनगर, बजाजनगर, मग शंकरनगर. मला १३ मिनिटं लागली, त्यांना ११. एकदाही मागून हॉर्न आला नाही, कारण त्या वाटेवर सगळेच २०-३० नं चालतात. शंकरनगरला पोचल्यावर ते म्हणाले, रिंग रोडवर जाणार नसेल तर मला चालेल. आमच्या घरात एवढं म्हणणं म्हणजे होकार.

पेडलवाली सायकलही मुलीला दाखवली. तिला ती आवडली, पण सासूबाईंची औषधं आणि भाजीची पिशवी, दोन्हीचा विचार करून स्कूटरच ठरली. तिनं घरासमोरच्या मैदानात आठवडाभर शिकायचं, हेल्मेट कायद्यानं लागत नसलं तरी रोज घालायचं, मैत्रीण मागं बसवायची नाही, आणि अंधार पडल्यावर मीच आणायला जाणार, अशा अटी तिनं कबूल केल्या.

पहिल्या दुकानात परत गेलो नाही. दुसऱ्या दुकानात प्रमाणपत्र मागितलं. मालकानं फाइल काढून समोर ठेवली, मॉडेलचं नाव आणि २५ चा उल्लेख बोट ठेवून दाखवला. मी सीट उचलायला सांगितलं. पिन जागेवर होती. मिस्त्री भाऊ, त्या मालकांकडूनच पिनच्या जोडावर काळी श्रिंक ट्यूब (गरम केली की आवळणारी नळी) चढवून घेतली, म्हणजे कोणी सहज उपसू शकणार नाही. मालक म्हणाले, असं मागणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच पाहिलं. बिलावर "वेगमर्यादा चालू स्थितीत दिली" असंही लिहून घेतलं, सहीशिक्क्यासकट.

गाडी मंगळवारी घरी येतेय. लिथियम घेतली, बॅटरी काढता येते. अजनीचे काका, एक विचारायचं होतं. चार्जिंगला एसीचा मोठा प्लग लागतो, का हॉलमधला साधा चालेल?

---

अजनीचे काका

साधा चालतो ताई, चार्जर मोबाइलच्या चार्जरचा मोठा भाऊ आहे, फार लोड घेत नाही. पण त्या बोर्डाचं अर्थिंग वायरमनकडून एकदा तपासून घ्या. आणि मल्टिप्लग लावू नका, सरळ भिंतीतच लावा. कूलर ज्या बोर्डावर आहे तो सोडून दुसरा घ्या.